समुद्र दिसतो, स्टुलावर चढलात तर

मिरजेत खोली भाड्यानं मिळवायची तर घरात एखादा पेशंट लागतो. नवरा-बायको, दोन मुलं, पगार इतका, एवढं सांगून इथल्या मालकिणीचं समाधान होत नाही. "दवाखाना कुठला?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "डॉक्टर कोण?" आणि तिसरा, "ऑपरेशन झालं का व्हायचंय?" मुतखडा असेल तर ती जिन्याखालची खोली दाखवते, कारण हे लोक आठवड्याच्या आत जाणार. मणका म्हणालात की आतली, ओटा असलेली. हृदयाचं असेल तर आधी तुमच्याकडे नीट बघून घेते आणि मग डिपॉझिट सांगते.

विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली इथं इस्पितळ सुरू केलं. पुढं दवाखान्यांची रीघच लागली. विजापूर, बेळगाव, सोलापूर, थेट कोकण, सगळीकडून माणसं येतात. एक जण आत कॉटवर आणि चौघं बाहेर. त्या चौघांच्या जिवावर गावातल्या कितीतरी घरांवर दुसरा मजला चढला. सांगलीचे लोक म्हणतात, मिरज दुसऱ्याच्या दुखण्यावर जगते. सांगलीकरांचं मनावर घ्यायचं नसतं. दुखायला लागलं की तेही रिक्षा करून इकडेच येतात.

पूर्वी तर लोक नुसती हवा खायला यायचे. वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. क्षयावर औषध निघालं नव्हतं त्या काळात कोरडी हवा, दूध-अंडी आणि सक्तीचा आराम एवढाच इलाज असे, आणि आमची हवा त्यासाठी नामी समजली जाई. एप्रिलमध्ये आम्ही जिला शिव्या घालतो तीच ही हवा. तिच्यापायी माणसं घरदार सोडून यायची आणि व्हरांड्यात खाटा टाकून महिनोन्‌महिने पडून राहायची.

अशा गावातल्या माणसानं निवृत्तीनंतर समुद्राकाठी घर भाड्यानं घ्यायचं काढलं की लोक बाजूला घेऊन विचारतात, "काय ओ, तब्येत बरी हाय न्हवं?" बरी आहे म्हटलं तर संशय वाढतो. माझ्या धाकट्या मेव्हण्यानं तर बायकोला फोन करून सांगितलं, "ताई, भावजींचे रिपोर्ट एकदा मला पाठव."

रिपोर्ट वगैरे काही नव्हते. समुद्र हवा होता, एवढंच. आम्हा मिरजकरांचं पाण्याशी नातं तसं विचित्र. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा न बोलावता आली आणि लोकांनी माळ्यावर भांडी चढवली. मधे २०१६ साली लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा आमच्या स्टेशनातून पाण्याच्या वाघिणी भरून 'जलदूत' रवाना झाली. एक तर पाणी घरात शिरतं, नाही तर रेल्वेनं बाहेर जातं. समुद्राचं तसं नाही. तो दिवसातून दोनदा येतो, दोनदा परत जातो आणि दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. मी जन्मभर रेल्वेत बुकिंगच्या खिडकीवर बसलो. रोज नेमका तेवढाच उशीर करणाऱ्या कोणाबद्दलही मला आदर वाटतो.

तरी समुद्राला जाणारी थेट गाडी म्हटलं की आमच्या जंक्शनात आठवायची ती वास्कोची गोवा एक्स्प्रेस. एकेकाळी मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते आणि तिन्हींपैकी एकही रत्नागिरीला जात नव्हता. कोल्हापूर–वैभववाडी लाइनचं मी नोकरीभर ऐकत आलो. ती अजून कागदावर आहे, मी मात्र निवृत्त झालो. राहता राहिला रस्ता. आमच्याकडून जाणारा नागपूर–रत्नागिरी महामार्ग पश्चिमेला धरला की कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा करत समुद्राजवळच संपतो. पावणेदोनशे किलोमीटर. त्यातले शेवटचे चाळीस बायको खिडकी उघडून "आला वास" म्हणत असते. वास डिझेलचा असतो.

रत्नागिरीच का, असंही पुष्कळांनी विचारलं. तारकर्ली आहे, गणपतीपुळे आहे, गुहागर आहे. तिथं चौकशी करून झाली होती. फोनवर घर भाड्यानं हवंय म्हटलं की पलीकडून विचारतात, "किती रात्री?" वर्षभरासाठी म्हटलं की पलीकडचा माणूस फोन दुसऱ्याच्या हातात देतो. जिथं माणसं सुट्टीला येतात तिथं भाडं रात्रीवर असतं. जिथं बदलीवर येतात तिथं महिन्यावर. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण. कलेक्टर कचेरी, कोर्ट, कॉलेजं, बँका, म्हणजे तलाठ्यापासून प्राध्यापकापर्यंत हजारो माणसं इथं नाइलाजानं राहतात, आणि नाइलाजानं राहणाऱ्यांना परवडेल असंच भाडं मागावं लागतं. शिवाय या गावात भाडेकरूपणाची परंपरा आहे. टिळक मूळचे चिखलगावचे. लोकमान्यांचा जन्म झाला तो रत्नागिरीत, गोऱ्यांच्या घरात.

एजंट स्कूटरवर पुढं आणि आम्ही रिक्षात मागं, अशी शोधाशोध सुरू झाली. त्याच्या वहीत समुद्राचे प्रकार होते. 'समोर', 'दिसतो', 'गच्चीतून दिसतो', 'ऐकू येतो' आणि 'जवळ'. 'समोर'ची पानं त्यानं आम्हाला दाखवलीच नाहीत, आमच्या चपला बघूनच तो ती उलटून पुढं गेला. तसंही भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर १९९१ सालापासून केंद्राचे निर्बंध आहेत, त्यामुळं 'समोर' म्हणजे एक तर फार जुनं घर, नाही तर फार मोठ्या माणसाचं. 'ऐकू येतो' हा प्रकार स्वस्त होता, पण तिथं उभं राहून कान दिला तेव्हा शेजारची पिठाची गिरणी ऐकू येत होती. "रात्री बंद असते," एजंट म्हणाला. 'जवळ' म्हणजे काय हे मी विचारलं, तर म्हणाला, "जवळ म्हणजे रिक्षानं."

मग 'दिसतो'मधलं एक घर आलं. मांडवीच्या अलीकडं, चिऱ्याच्या जुन्या घराच्या परसात मालकांनी दोन मजली इमारत बांधलेली. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं हातभर गॅलरी. गॅलरीतून मालकांचं विहीर-रहाटाचं परसू दिसलं, आंब्याची दोन कलमं दिसली, वाळत घातलेलं धोतर दिसलं.

"समुद्र?" बायकोनं विचारलं.

मालक सत्तरीचे. आळीत त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून आम्हीही. ते काही न बोलता आत गेले आणि एक लाकडी स्टूल घेऊन आले. ते न्हाणीघरात ठेवलं. न्हाणीच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्याला काचेच्या चार पट्ट्या.

"चढा," ते मला म्हणाले.

मी चढलो. तिसरी पट्टी सरकवली. दोन माडांच्या मधे, पाण्याची टाकी आणि कोणाच्या तरी डिश अँटेनाच्या वर, बोटभर निळी रेघ होती.

"दिसतो ना?"

"दिसतो."

"भाड्यात तो धरलेला नाही हो," अण्णा म्हणाले. "एजंट सांगतो म्हणून सांगतो. मी घर देतोय."

त्यांच्या या वाक्यावर मी घर घेतलं. बायको स्टुलावर चढली नाही. ती म्हणाली, गुडघे समुद्रावर फिरण्यासाठी राखून ठेवलेत.

अण्णांना मी नंतर विचारलं की तुमचं जुनं घर समुद्राकडं पाठ करून का बांधलंय? पुढचं दार, ओटी, पडवी, सगळं पूर्वेला. पश्चिमेला नुसती भिंत आणि तिच्यात एक बारकी खिडकी, तीही जळणाच्या खोलीची. अण्णांना प्रश्नच कळला नाही. "तिकडून पाऊस येतो," ते म्हणाले. थोडं थांबून, "तिकडं बघून करायचं काय?" रत्नागिरीत फिरलात तर हे घरोघर दिसेल. गाव समुद्राच्या काठावर आहे, पण त्याच्याकडं तोंड करून बसलेलं नाही. तोंड करून बसतात ते मिरकरवाड्याचे मच्छीमार, कारण त्यांचं पोट तिकडं आहे. आणि बाहेरून आलेले आम्ही.

एका माणसाला मात्र इच्छा नसताना समुद्राकडं तोंड करून बसवण्यात आलं. ब्रह्मदेशाचा थिबा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या एप्रिलात त्याला राण्या-मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. टेकडीवरचा प्रशस्त राजवाडा आपण आज तिकीट काढून बघतो, त्यामुळं वाटतं तो सुरुवातीपासून तिथंच असेल. तसं नाही. राजवाड्यात तो राहायला गेला १९१० साली. आधीची चोवीस वर्षं तो सरकारनं दिलेल्या बंगल्यांत होता. मंडालेच्या महालातला माणूस साहेबाच्या बंगल्यात, आणि घरमालक साक्षात इंग्रज सरकार. तनखा पुरत नाही, कर्ज झालंय, माणकं विकावी लागतायत, अशा त्याच्या तक्रारी सतत चालू असत. रत्नागिरीतला तो सर्वांत थोर भाडेकरू म्हणायला हवा. नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात गेला. थिबा पॉइंटला उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, पलीकडं सुरूचं बन, आणि खुला समुद्र दिसतो. स्टुलाशिवाय. पण त्याच्यासारख्या अटींवर ते घर कोणी घेऊ नये. त्याच्या कराराला मुदतच नव्हती.

आमच्या कराराला होती, अकरा महिन्यांची. अकराच का, तर एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो असा १९०८ चा कायदा; तो चुकवायला कोणा हुशार माणसानं बारातला एक महिना काढून टाकला. पुढं महाराष्ट्रानं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा केला. त्याच्या ५५ व्या कलमानं असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे अकरा महिन्यांमागचं कारण गेलं आणि अकरा महिने राहिले. आमच्याकडं बऱ्याच गोष्टी अशाच टिकतात.

अण्णांना हे कलम पाठ होतं. त्यांच्या वडिलांच्या एका भाडेकरूनं १९४७ च्या भाडे कायद्याच्या आधारावर जुनी ओटीची खोली पुष्कळ वर्षं बारा रुपयांत वापरली होती, आणि त्याच्या श्राद्धाला अण्णांच्या आईनं खीर पाठवली होती, असं ते सांगतात. खीर दुःखानं पाठवली की आनंदानं, हे त्यांनी सांगितलं नाही.

नोंदणी ऑनलाइन. एका झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बसली होती. आधी अण्णांचा अंगठा. उमटेना. "काका, कपाळावर घासा," ती म्हणाली. त्यांनी घासला. उमटेना. माझाही उमटेना. मी चाळीस वर्षं नोटा मोजल्या, त्यांनी तेवढीच वर्षं कलमं बांधली; दोघांच्याही बोटांवर सरकारला ओळखता येईल असं काही उरलं नव्हतं. मुलीनं खोबरेल तेल आणायला सांगितलं, मग पुसायला सांगितलं, मग डावा अंगठा, मग तर्जनी. तासभर आम्ही दोघं एका बाकावर बसून अंगठे कपाळावर घासत होतो. समोरच्या चहावाल्यानं न सांगता दोन चहा पाठवले, बहुधा काही दुःखद घडलंय असं समजून. घरमालक-भाडेकरू हे नातं जुळायला याहून चांगला विधी मला माहीत नाही. तिसऱ्या बोटाला अण्णा अण्णा ठरले, पाचव्याला मी.

राहायला लागल्यावर कळलं की भाडं साडेसहा हजार होतं ते फक्त अण्णांचं. समुद्राचं वेगळं. तो आपलं लोखंडातून वसूल करतो. नखं काढायचं यंत्र पहिल्याच महिन्यात उघडेना. कुलपात किल्ली फिरेना. सेफ्टी पिना डबीतच एकमेकींना चिकटल्या. फ्रिजच्या पायांना तांबूस पापुद्रे आले आणि पंख्याच्या पात्यांवर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागलं. हे मी करून बघितलंय. पाऊस लागला तेव्हा मीठ बरणीतून घ्यायचं बंद झालं, खरवडायचं सुरू झालं. मिरजेत वर्षभरात पडतो त्याच्या पाचपट पाऊस रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतो, हे आकडे मी वाचले होते. कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते हे आकड्यांत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी काढलेल्या फोटोत आमच्या साहेबांना श्रावणापर्यंत दाढी आली. अण्णांच्या मालकीणबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "कपाटात बल्ब लावा हो. रात्रंदिवस जळू दे." तेव्हापासून माझे लोकरीचे कपडे दिव्याच्या उजेडात राहतात आणि आम्ही वीज वाचवायला अंधारात बसतो.

सगळ्यात जास्त हाल तंबोऱ्याचे. बायको गाते. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि दर्ग्याच्या आवारात विसावलेत, त्या गावात हे कोणी विशेष मानत नाही. तंबोरा मिरजेचाच. आमच्याकडं शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून वाद्यं करायला घेतली, त्याला दीडशेवर वर्षं झाली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. निघायच्या आधी बायको वाद्य दाखवायला गेली, तेव्हा कारागीर भोपळ्यावर बोटानं टिचकी मारत म्हणाले, "वैनी, कुठं न्यायलाय ह्याला? दर्यावर? न्या. तारांची जुडी मोठी न्या." भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कोरड्या उन्हात वाळलेला, त्याला ही हवा मानवेना. पोलादी तारा काळवंडल्या, जवारी बसली, सकाळी लावलेला खर्ज दुपारी उतरलेला. पावसाळाभर मानांकनवाला तंबोरा खोळीत आणि बायको मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गाते. त्याआधी, उन्हाळ्यात, ती खरा तंबोरा तासन्‌तास जुळवत बसायची. एकदा अण्णा जिन्यात थांबून म्हणाले, "मिरजकर, गाणं छान. पण हे सुरू कधी होतं?"

पाहुणे मात्र हवामान बघत नाहीत. मिरजेतल्या घरी आयुष्यभर पाहुणे आले ते कोणाचं तरी पोट दुखतंय म्हणून. ते हळू बोलत, कमी जेवत, आणि डिस्चार्ज मिळाला की जात. इथं येतात ते ठणठणीत असतात. दोन वेळा जेवतात, तीनदा समुद्रावर जातात, न्हाणीत वाळू सोडतात. जायचं कधी हे ठरवायला डॉक्टर नसतो. जूनच्या पहिल्या तारखेपासून दोन महिने मासेमारी बंद, हा शासनाचा निर्णय माशांच्या विणीसाठी असतो म्हणतात. आमच्या घरी त्याचा परिणाम पाहुण्यांवर झाला. मेव्हणा ३१ मेला परत गेला. माझे रिपोर्ट त्यानं विचारले नाहीत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी अण्णा वर आले. खुर्चीत बसले, किल्ल्यांचा जुडगा उगाच मोजला. मालकीणबाईंचा गुडघा बदलायचा होता, आणि डॉक्टरांनी मिरजेतलं नाव दिलं होतं.

"तुमच्याकडं एखादी खोली मिळेल का हो? महिनाभर?"

आमचं घर बंदच होतं. मी किल्ली काढून दिली. भाडं घेत नाही म्हटल्यावर ते रागावले. मग असं ठरलं की तो महिना इथल्या भाड्यातून वळता करायचा. त्यांनी मुदत, वीजबिल, भांड्यांची यादी, सगळं एका कागदावर लिहून सही घेतली. अंगठा टाळला. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज एकदम खणखणीत. "मिरजकर, काय हवा आहे हो तुमची! धोतर तासात वाळतं! पापड कुडकुडीत! माझी दमेकरी बहीण आणून ठेवली असती इथं. आणि तुम्ही हे सोडून तिकडं कपाटात दिवे लावताय?" शेजारच्या मालकिणीनं त्यांना "कुठला दवाखाना" विचारून एकूण पाच प्रश्न टाकले होते, आणि सगळ्यांची उत्तरं बरोबर आल्यामुळं रोज सकाळी ती भाकरी पाठवत होती. परत आले ते दोन किलो भडंग घेऊन. आठवड्यात ते सादळलं. अण्णांनी ते मला दाखवलं आणि म्हणाले, "मिरजेत असं झालं नसतं," जसं काही सादळवलं मी.

करार संपत आला तेव्हा ते नवा कागद घेऊन आले. भाडं पाचशेनं वाढलेलं. वाढ दरवर्षी असते, माझी तक्रार नव्हती, पण बारातला गेलेला महिना, गुडघा, धोतर, एवढं सगळं झाल्यावर मी सहज कारण विचारलं.

"न्हाणीत जाऊन बघा," अण्णा म्हणाले.

भाद्रपदातल्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या दोन माडांपैकी एक आडवा झाला होता. शिवाय टाकीवाल्यानं टाकी हलवली होती. बोटभर रेघेचा चांगला वीतभर समुद्र झाला होता, आणि तो स्टुलाशिवाय, टाचा उंचावून दिसत होता.

"पण तुम्ही तर म्हणालात तो भाड्यात नाही."

"तेव्हा नव्हता."

बायको आतून म्हणाली की माड पडल्यापासून खारा वारा थेट न्हाणीत येतो, नळ गंजलाय, आरसा गेलाय, झरोक्याच्या पट्ट्या काढून तिथं जाड प्लास्टिक ठोकून द्या, आणि त्याचे पैसे मालकांनी द्यायचे. अण्णांनी एकदम मान डोलावली. असं शहाणपणाचं बोलणं वरच्या मजल्यावरून त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. प्लास्टिक ठोकायला ते तयार आहेत. पाचशे कमी करायला नाहीत. गेले पंधरा दिवस बोलणी चालू आहेत, चहा त्यांच्याकडं होतो, आणि दोघंही अंगठ्याला रात्री खोबरेल चोळून झोपतो.